सागरतळावरची रेष: जन्माची की नंतरची? समुद्री कवचाचा नकाशा वाचण्याची रीत

सागरतळाचा नकाशा समोर आला की डोळा आपोआप मधल्या डोंगररांगेकडे धावतो. माझं सांगणं असं की सुरुवात तिथून करू नका. रांगेपासून चार-पाचशे किलोमीटर बाजूला सरका, जिथे काहीच घडत नाही असं वाटतं, आणि तिथल्या तळाची वीण बघा. कापडाला जसे उभे-आडवे धागे असतात तसे समुद्री कवचालाही, म्हणजे सागरतळाच्या खडकाळ थरालाही, असतात. कवच जन्मलं तेव्हाच ते त्यात विणले गेले. पुढे कोट्यवधी वर्षांनी प्लेटची, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सरकत्या तुकड्याची, सीमा हलली, वळली, मेली किंवा नवी सीमा उगवली, की त्या कवचावर नवा ताण येतो आणि ते बहुतेक वेळा याच जुन्या धाग्यांवर उसवतं.

म्हणून नकाशावरच्या प्रत्येक रेषेला मी एकच प्रश्न विचारते: तू जन्माची की नंतरची? गेली एकवीस वर्षं मी हे काम करते आहे. नवीन मुलं शिकायला येतात तेव्हा त्यांच्याकडूनही आधी हीच सवय करून घेते. खाली लिहिलेली रीत त्या सवयीचीच आहे. ती घरी बसून, फुकट मिळणाऱ्या नकाशांवर कुणालाही करता येते.

आधी नकाशाचीच परीक्षा

जेबको या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा सागरतळाचा नकाशा उतरवून घ्या. त्याचा एक चौकोन विषुववृत्तावर साधारण साडेचारशे मीटरचा असतो. पण या बारकाईवर भुलू नका. जगातल्या सागरतळाचा जेमतेम चौथा हिस्साच जहाजांनी नीट मोजलेला आहे. उरलेली खोली उपग्रहांनी मोजलेल्या गुरुत्वाकर्षणावरून काढलेली आहे. पाण्याखाली दोन किलोमीटर उंचीचा पर्वत असला तर त्याचं वस्तुमान आजूबाजूचं पाणी ओढून घेतं आणि वरचा समुद्राचा पृष्ठभाग दोनेक मीटर फुगतो. जिओसॅट, ईआरएस-१, क्रायोसॅट-२ आणि डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट या उपग्रहांनी हे फुगवटे मोजले. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा नकाशा वेगळा, स्वतंत्रपणेही जवळ ठेवा. जाड गाळाखाली पुरलेली भेग खोलीच्या नकाशात दिसत नाही, गुरुत्वाकर्षणाच्या नकाशात दिसते.

जेबकोबरोबर आणखी एक थर मिळतो: कुठला चौकोन प्रत्यक्ष मोजलेला आणि कुठला अंदाजाने भरलेला, हे सांगणारा. तो उघडल्याशिवाय एकही रेष आखू नका. हे मी पोळल्यावर शिकले. माझ्या पहिल्याच कामात एक सरळ, सुरेख, दीडशे किलोमीटर लांबीची भेग मला सापडली होती. आजूबाजूच्या टेकड्यांना तिरकी छेदणारी, अगदी ‘नंतरची’ म्हणावी अशी. तीन आठवडे मी तिच्यावर तर्क बांधत होते. मग तो थर उघडला. ती एका जहाजाची वाट होती. जहाजाने मोजलेली पट्टी आणि आजूबाजूचा अंदाज यांच्या उंचीत थोडा फरक होता, तो मला भेग म्हणून दिसत होता. त्या दिवसापासून माझा नियम असा: रेष खोलीच्या नकाशात आणि गुरुत्वाकर्षणाच्या नकाशात, दोन्हीकडे दिसली तरच ती रेष.

याशिवाय लागतील त्या गोष्टी अशा: भूकंपांची यादी, शक्यतो ग्लोबल सीएमटीची, कारण तीत प्रत्येक मोठ्या भूकंपात जमीन कशी सरकली याचं गोल चित्र मिळतं; कवचाच्या वयाचा नकाशा; जिओमॅपअ‍ॅप किंवा जीप्लेट्स हे मोफत प्रोग्राम; आणि ट्रेसिंग पेपर, कोनमापक, दोन रंगांच्या पेन्सिली. पडद्यावर सगळं होतं हे खरं, तरी मी अजून ट्रेसिंग पेपर वापरते. हाताने रेष ओढताना डोळा जिथे अडखळतो ती जागा बहुतेक वेळा महत्त्वाची असते.

जन्माची वीण ओळखणं

जन्माच्या रेषा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या म्हणजे समांतर टेकड्या. मध्यसागरी रांगेवर दोन प्लेटा दूर होतात, खालून लाव्हा येतो, नवं कवच तयार होतं आणि थंड होता होता ताणामुळे चिरतं. या चिरा रांगेला समांतर असतात आणि त्यांच्यावरच टेकड्यांच्या ओळी उभ्या राहतात. पृथ्वीवर सगळ्यात जास्त आढळणारं भूरूप हेच. अटलांटिकसारख्या सावकाश पसरणाऱ्या, वर्षाला दोन-अडीच सेंटीमीटरवाल्या रांगेवर या टेकड्या शेकडो मीटर उंच आणि खडबडीत असतात. पूर्व पॅसिफिक रांगेवर हा वेग काही ठिकाणी वर्षाला पंधरा सेंटीमीटरपर्यंत जातो. तिथे टेकड्या बुटक्या, तळ बराच सपाट.

दुसऱ्या रेषा टेकड्यांना काटकोनात जाणाऱ्या: फ्रॅक्चर झोन. मध्यसागरी रांग सलग नसते, तुकड्यातुकड्यांनी बाजूला सरकलेली असते. दोन तुकड्यांना जोडणारा भ्रंश, म्हणजे जिच्यावर खडक सरकतात अशी भेग, त्याचं नाव ट्रान्सफॉर्म. दोन्ही बाजूंचं कवच जसजसं दूर जातं तसतसा त्याचा व्रण मागे हजारो किलोमीटर उरतो. ईशान्य पॅसिफिकमधले मेंडोसिनो, मरे, क्लॅरियन, क्लिपर्टन हे व्रण एकदा पाहून घ्या, म्हणजे पुढे कुठेही ओळखू येतील.

टेकड्या हिरव्या पेन्सिलीने आणि फ्रॅक्चर झोन निळ्याने ट्रेस करा. दोघांमधला कोन जागोजागी मोजा. नव्वद अंशांच्या आसपास असेल तर कवच जसं जन्मलं तसंच आहे. पंच्याहत्तर किंवा त्याहून कमी झाला की तिथे खूण करा. हीच पुढच्या कामाची जागा.

फ्रॅक्चर झोनच्या दोन बाजूंच्या खोलीत फरक असतो आणि नवशिका माणूस त्याला हटकून ‘हलणारा भ्रंश’ समजतो. तिथे हिशोब करा. नवं कवच साधारण २,५०० मीटर खोलीवर जन्मतं आणि थंड होत खचत जातं. खचण्याचं माप वयाच्या वर्गमुळाला धरून चालतं: वय दशलक्ष वर्षांत घ्या, वर्गमूळ काढा, ३५० ने गुणा, २,५०० मिळवा. समजा व्रणाच्या एका बाजूचं कवच २.५ कोटी वर्षांचं आहे. २५ चं वर्गमूळ ५, खोली ४,२५० मीटर. दुसरी बाजू ३.६ कोटींची. वर्गमूळ ६, खोली ४,६०० मीटर. म्हणजे साडेतीनशे मीटरचा कडा नुसत्या वयाच्या फरकाने उभा राहिला, त्यासाठी आज काही हलायची गरज नाही. नकाशावर कडा साडेतीनशेच्या आसपास असेल तर रेष जन्माची. तो हजार मीटर भरला तर उरलेले साडेसहाशे मीटर कुठून आले ते शोधायचं. हे सूत्र सात-आठ कोटी वर्षांपर्यंतच्या कवचाला लावा. त्यापुढे तळ सपाट होऊ लागतो आणि सूत्र जास्त खोली सांगतं.

यापेक्षाही पक्की कसोटी भूकंपांची. १९६५ मध्ये जे. तुझो विल्सनने सांगितलं की ट्रान्सफॉर्म भ्रंश फक्त रांगेच्या दोन टोकांच्या मधेच सरकतो, बाहेरच्या व्रणावर दोन्ही बाजू एकाच प्लेटच्या असतात आणि बरोबरच प्रवास करतात. १९६७ मध्ये लिन साइक्सने भूकंपांवरून ते दाखवून दिलं. आपल्या कामासाठी याचा अर्थ सरळ आहे: टोकांच्या बाहेरचा फ्रॅक्चर झोन गप्प असला पाहिजे. तो बोलू लागला, तिथे मोठे भूकंप होऊ लागले, तर कुठेतरी सीमा बदलते आहे.

वय लावणं

वयाचा नकाशा तयार मिळतो, पण एकदा तरी चुंबकीय पट्ट्यांवरून, म्हणजे लाव्हा गोठताना त्यात अडकलेल्या चुंबकत्वाच्या रांगेला समांतर पट्ट्यांवरून, स्वतः वेग काढा. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी हे पट्टे म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलटापालटीची नोंद आहे असं मांडलं. शेवटची उलट सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी झाली. रांगेच्या मध्यापासून एका बाजूला पहिल्या पट्ट्याची कड ३९ किलोमीटरवर असेल तर त्या बाजूचा वेग वर्षाला ५ सेंटीमीटर. ९ किलोमीटरवर असेल तर सव्वा सेंटीमीटरहूनही कमी. दुसऱ्या बाजूलाही मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर रांग मध्यंतरी बाजूला सरकलेली असू शकते.

साधारण १२ कोटी ते ८.३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात चुंबकत्व उलटलंच नाही. त्या वयाच्या कवचावर पट्टे मिळत नाहीत. तिथे फ्रॅक्चर झोनवरच भिस्त ठेवावी लागते.

पट्टे सरळ असायला हवेत. ते वाकलेले दिसले तर कवचच वाकलं आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरची छोटी गोर्डा प्लेट याचं उत्तम उदाहरण. आजूबाजूच्या मोठ्या प्लेटांच्या रेट्यात ती चेपली जाते आहे आणि तिच्यावरचे पट्टे पंख्यासारखे वळलेले आहेत. ८ नोव्हेंबर १९८० ला तिथे सातहून मोठा भूकंप झाला, तो ईशान्येकडे जाणाऱ्या भ्रंशावर आडवा सरकून. त्या दिशेला तिथल्या जन्माच्या चिराच आहेत. ताणाने बनलेली चीर कोवळ्या वयातच आडव्या सरकण्याच्या कामाला लागली.

कात्री घ्या

सीमेची दिशा बदलली की काय होतं हे वाचून कळत नाही, कापून कळतं. एक कोरा कागद घ्या. वरच्या कडेपासून निम्म्यापर्यंत उभी रेष काढा, मध्याच्या थोडी डावीकडे. तिथून चार बोटं उजवीकडे आडवी रेष. मग पुन्हा उभी रेष, खालच्या कडेपर्यंत. पायरीसारखा आकार झाला. या रेषेवर कागद कापा. उभे काप म्हणजे रांगेचे तुकडे, आडवा काप म्हणजे ट्रान्सफॉर्म.

डावा तुकडा बोटाने दाबून धरा. उजवा सरळ उजवीकडे ओढा. उभ्या कापांत फट पडेल, आडवा काप नुसता घासत सरकेल. आता पुन्हा जुळवा आणि उजवा तुकडा उजवीकडे पण किंचित वर, दहा अंशांनी, ओढा. आडव्या कापातही फट पडली. आता किंचित खाली ओढा. कागद एकमेकांवर चढला.

आता दुसरा कागद घ्या आणि पायरी उलटी कापा: वरची उभी रेष उजवीकडे, खालची डावीकडे. तसाच किंचित वर ओढा. मघाशी जिथे फट पडली होती तिथे आता कागद चढला.

मला हा विषय ज्या दिवशी खऱ्या अर्थाने समजला तो दिवस याच दोन कागदांचा. प्लेटची दिशा एकदाच आणि एकाच बाजूला बदलते, पण त्याच रांगेवरचा एक ट्रान्सफॉर्म उघडतो आणि दुसरा दाबला जातो, केवळ पायरी कुठल्या बाजूची आहे त्यावरून. म्हणून एकाच ट्रान्सफॉर्मकडे बघून ‘इथे दाब वाढला’ असं कधी म्हणू नका. शेजारचे उलट्या पायरीचे दोन-तीन बघा. ते उघडलेले असतील तर तुमचा तर्क बसला.

उघडलेल्या ट्रान्सफॉर्मच्या आत रांगेचे नवे, छोटे तुकडे जन्मतात. पूर्व पॅसिफिकमधल्या सिकेरोस ट्रान्सफॉर्ममध्ये ते दिसतात. दाबलेल्याच्या कडेला लांबट डोंगर वर येतो. अटलांटिकच्या मधोमध, विषुववृत्ताजवळ, सेंट पीटर आणि सेंट पॉल नावाचे इवलेसे खडक पाण्याबाहेर डोकावतात. ते ज्वालामुखीचे नाहीत. कवचाखालच्या प्रावरणाचा खडक तिथल्या ट्रान्सफॉर्मवरच्या दाबाने वर ढकलला गेला आहे. फेब्रुवारी १८३२ मध्ये चार्ल्स डार्विन तिथे उतरला होता आणि हा खडक इतर महासागरी बेटांसारखा ज्वालामुखीजन्य नाही हे त्याने तेव्हाच टिपून ठेवलं.

दिशा कधी बदलली हे काढायचं तर फ्रॅक्चर झोन जिथे वळतो तिथल्या कवचाचं वय वाचा. मग शेजारचे चार फ्रॅक्चर झोन घ्या. सगळे त्याच वयाला वळले असतील तर बदल अख्ख्या प्लेटचा. एकच वळला असेल तर मामला स्थानिक. पॅसिफिकमध्ये पाच कोटी वर्षांच्या आसपास अशा खुणा एकत्र येतात. पश्चिम पॅसिफिकमधल्या इझू-बोनिन-मारियाना इथे एक प्लेट दुसरीखाली शिरू लागली ती सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वी, आणि हवाई-एम्परर पर्वतमाळेतलं प्रसिद्ध वळण सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचं. पण त्या वळणाला एकटा पुरावा म्हणून मी धरत नाही, कारण ती माळ खालच्या ज्या तप्त झोतातून बनली तोही त्या काळात स्वतः सरकत होता. फ्रॅक्चर झोन सीमेवरच जन्मतो, म्हणून त्याची साक्ष मला जास्त भरवशाची वाटते.

‘व्ही’ आकार, गरगरणारे तुकडे, मेलेल्या रांगा

रांगेला दिशा बदलायची असली तर ती जागच्या जागी वळत नाही. पुष्कळदा तिचा एक तुकडा नव्या दिशेने लांबत जातो आणि समोरचा जुना तुकडा आखडत जातो. लांबणाऱ्या टोकामागे पाण्यातल्या होडीसारखा ‘व्ही’ उरतो. गॅलापागोसजवळ ९५.५ अंश पश्चिम रेखांशावर असं टोक आजही पुढे सरकतं आहे. असा ‘व्ही’ सापडला तर त्याच्या एका बाजूचा रांगेशी कोन मोजा. एका बाजूचा पसरण्याचा वेग भागिले टोकाचा वेग, म्हणजे त्या कोनाचा टॅन्जंट. पसरण्याचा वेग ३ सेंटीमीटर आणि कोन २७ अंश निघाला तर टोक वर्षाला ६ सेंटीमीटरने चाललं आहे. ‘व्ही’च्या एका बाजूला, जुन्या आणि नव्या तुकड्याच्या मधे सापडलेल्या कवचाकडे नीट बघा. तिथल्या टेकड्या फळीवर कललेल्या पुस्तकांसारख्या तिरक्या झालेल्या असतात. कोनमापकाने मघाशी केलेली खूण बरेचदा इथेच येते.

दोन तुकडे एकमेकांना समांतर वाढले आणि कुणीच माघार घेतली नाही तर मधला भाग सुटून स्वतंत्र छोटी प्लेट होते आणि चरकात सापडल्यासारखी फिरते. ईस्टर मायक्रोप्लेट चार-पाचशे किलोमीटरची आहे आणि दहा लाख वर्षांत साधारण पंधरा अंश फिरते. म्हणजे तीस लाख वर्षांपूर्वी उत्तर-दक्षिण जन्मलेल्या टेकड्या आज पंचेचाळीस अंश तिरक्या दिसतील. तिरक्या टेकड्यांचा गोलसर तुकडा कुठे दिसला आणि भोवती भूकंप नसले, तर ती मेलेली मायक्रोप्लेट असण्याची शक्यता तपासा. हिंदी महासागरातली मॅमेरिक्स मायक्रोप्लेट अशीच उपग्रहाच्या गुरुत्वाकर्षण-नकाशावरून २०१५ मध्ये ओळखली गेली. ती ४.७ कोटी वर्षांपूर्वीची आहे.

मेलेल्या रांगेची ओळख: वयं दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी वाढत जातात, मधे गाळाने भरलेली दरी, गुरुत्वाकर्षण कमी आणि भूकंप नाहीत. हिंदी महासागराच्या पूर्वेकडच्या वॉर्टन खोऱ्यातली रांग सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी थांबली. तास्मान समुद्रातली त्याआधीच, ५.२ कोटी वर्षांपूर्वी. वॉर्टन लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

सीमा रेष सोडून पसरते तेव्हा

वॉर्टनची रांग मेली आणि भारताची व ऑस्ट्रेलियाची प्लेट जुळून एक झाली. पण हिमालयात उत्तरेकडची वाट अडलेली, पूर्वेला प्लेट इंडोनेशियाजवळच्या सुंडा खंदकात, म्हणजे एक प्लेट दुसरीखाली शिरते त्या खोल दरीत, ओढली जाते आहे. असा तिढा पडल्यावर एकसंध प्लेट तग धरेना. हिंदी महासागराच्या मधोमध, कुठल्याही रांगेपासून आणि खंदकापासून दूर, कवचाला घड्या पडू लागल्या. घडीच्या एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, उंची एक ते दोन किलोमीटर. इथे सीमा म्हणजे एक रेष उरलेली नाही, शेकडो किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली रात्रपाळी याच पट्ट्यावर झाली. जहाजावरून ध्वनिलहरी सोडून गाळाच्या आतले थर पाहत होतो. पहाटे तीनच्या सुमारास पडद्यावर एरवी सपाट धावणारे थर वर चढू लागले, मग एकाएकी तुटून पायरीसारखे उचलले गेले. काही किलोमीटर गेलो की पुन्हा तेच. मी बोटाने पडद्यावर मोजत बसले होते: एक, दोन, तीन, चार. पाळी संपली तरी उठवेना.

असं चित्र तुमच्यासमोर आलं तर दोन गोष्टी करा. पहिली, उभी मोजपट्टी आडवीच्या किती पट ताणली आहे ते बघा. दहा-वीस पट ताणलेल्या चित्रात हे भ्रंश भिंतीसारखे उभे दिसतात, खरे साधारण चाळीस अंशांनी कललेले असतात. आणि ती डौलदार घडी? शंभर किलोमीटरच्या अंतरात दोन किलोमीटरचा चढ, म्हणजे पन्नासात एक. त्यावर उभं राहिलात तर सपाटच वाटेल.

दुसरी, गाळाच्या थरांवरून काळ लावा. भ्रंश हलण्याआधी साचलेले थर दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे असतात. हलायला लागल्यानंतरचे थर उचललेल्या बाजूला पातळ, खचलेल्या बाजूला जाड असतात. या दोन गटांमधली सीमा हीच हालचालीच्या सुरुवातीची वेळ. १९८७ मध्ये महासागर उत्खनन कार्यक्रमाच्या ११६ व्या मोहिमेने बंगाल पंख्याच्या, म्हणजे बंगालच्या उपसागरातून दक्षिणेकडे पसरलेल्या गाळाच्या थराच्या, टोकाला, विषुववृत्ताजवळ ही सीमा खोदून काढली. वय निघालं साधारण ७५ ते ८० लाख वर्षं.

आता हिरव्या-निळ्या रेषांचा ट्रेसिंग पेपर यावर ठेवा. मध्य भागात कवचाच्या जन्माच्या टेकड्या पूर्व-पश्चिम आहेत, दाब उत्तर-दक्षिण. म्हणून तिथे टेकड्यांच्या चिराच उलट्या दिशेने सरकल्या. जन्मताना ज्या भ्रंशावर खडक खाली घसरला होता त्याच भ्रंशावर तो आता वर ढकलला जातो आहे. पूर्वेला, वॉर्टन खोऱ्यात, दाब वायव्य-आग्नेय असा तिरका आहे. तिथे उत्तर-दक्षिण जाणारे जुने फ्रॅक्चर झोन कामाला लागले, आडवे सरकू लागले. एकच प्लेट, दोन भाग, आणि प्रत्येकाने आपल्या विणीतला सोयीचा धागा निवडला. ११ एप्रिल २०१२ ला वॉर्टन खोऱ्यात ८.६ चा आणि दोन तासांनी ८.२ चा भूकंप झाला. आडव्या सरकण्याचा एवढा मोठा भूकंप उपकरणांवर त्याआधी नोंदला गेला नव्हता. त्यात एकमेकांना जवळपास काटकोनात असलेले अनेक भ्रंश एकामागून एक तुटले. गप्प असायला हवा तो व्रण बोलू लागला तर काय, याचं उत्तर हे.

खंदकाजवळही हीच कसोटी चालते. प्लेट खाली वळताना तिची पाठ ताणली जाते आणि चिरते. जन्माच्या टेकड्या खंदकाशी तीसेक अंशांच्या आत असतील तर जुन्याच चिरा पुन्हा उघडतात, निकाराग्वासमोर तसं झालं आहे. कोन मोठा असेल तर खंदकाला समांतर नव्या चिरा पडतात. या चिरा किरकोळ समजू नका: १९३३ चा जपानचा सान्रिकू भूकंप अशाच खंदकाबाहेरच्या ताणाचा होता आणि त्याची त्सुनामी फार मोठी होती.

सगळं एकाच ठिकाणी: मॅक्वारी

रीत हाताला बसली की नाही हे बघायला मी न्यूझीलंडच्या दक्षिणेचा मॅक्वारी टापू देते. नकाशावर ४८ ते ६० अंश दक्षिण अक्षांश उघडा.

आधी गुरुत्वाकर्षणाचा नकाशा घ्या आणि निळे फ्रॅक्चर झोन ट्रेस करा. ते सरळ नाहीत, दोन्ही बाजूंनी धनुष्यासारखे वाकत मधल्या सीमेला जवळजवळ समांतर होत जातात. टेकड्याही त्यांच्याबरोबर वळतात आणि दर ठिकाणी काटकोन राखतात. म्हणजे ही वीण नंतर वाकलेली नाही, वळत्या दिशेतच जन्मली. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक या प्लेटा इथे एकमेकींपासून दूर होत होत्या आणि दूर होण्याची दिशा हळूहळू फिरत गेली. आता वयाप्रमाणे बाहेरून आत या. रांगेचे तुकडे आखूड होत जातात आणि त्यांच्यामधले ट्रान्सफॉर्म लांबत जातात. शेवटी तुकडे संपतात आणि ट्रान्सफॉर्म जुळून एकच लांबलचक भ्रंश उरतो. पसरणारी सीमा सरकणारी झाली.

पुढे दाबही वाढला. मॅक्वारी बेट हा त्या दाबाने उचललेला समुद्री कवचाचाच तुकडा आहे: उशीसारखा लाव्हा, त्याखालच्या उभ्या भेगांत गोठलेला खडक, त्याखालचा, खोलवर सावकाश गोठलेला गॅब्रो आणि प्रावरणाचा खडक, सगळं पाण्याबाहेर. साधारण एक कोटी वर्षांपूर्वी रांगेवर जन्मलेलं हे कवच आज पायी चालून बघता येतं. १९९७ मध्ये ते जागतिक वारसा ठरलं.

आता भूकंप टाका. २३ मे १९८९ चा आठहून मोठा भूकंप सीमेवरच, आडव्या सरकण्याचा. तो अपेक्षित. मग २३ डिसेंबर २००४ चा ८.१ चा शोधा. तो सीमेवर पडत नाही, पश्चिमेला ऑस्ट्रेलियन प्लेटच्या आत पडतो. त्याचा बिंदू ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि खाली काय आहे ते बघा. तुमच्याच हाताने ओढलेली निळी रेष असेल.